घेण्यापूर्वी : पहिले रिव्हॉल्व्हर

या सदराला दर दिवाळीत एक नवी वस्तू लागते. आजवर बाजाची पेटी झाली, शिवणयंत्र झाले, पोरांची सायकल झाली, गेल्या वर्षी दुर्बीण झाली. वाचक मला पैसे खर्च करण्याच्या एक पाऊल आधी गाठतात आणि मी त्यांना शक्यतो दोन पावले मागे नेतो, असा आमचा वर्षानुवर्षांचा करार आहे. यंदाचे पत्र मात्र असे आले, की ते ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला.

"रिव्हॉल्व्हर? अहो, आणि तेही दिवाळी अंकात?"

मी म्हटले, "का? लवंगी माळेपेक्षा निश्चितच शिस्तीची वस्तू आहे."

पत्र पुण्यातल्या एका गृहस्थांचे होते. त्यांची मुलगी सतरा वर्षांची. कॉलेजातून एन.सी.सी.च्या शिबिराला गेली, तिथे पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या तिने एका वाटीच्या तोंडात मावतील इतक्या जवळ मारल्या, आणि शिबिरातल्या सुभेदारांनी पाठ थोपटली. तेव्हापासून पोरीला नेमबाजीने झपाटले आहे. पण ओढा रायफलपेक्षा पिस्तुलाकडे. आता योगायोग असा, की घरात एक रिव्हॉल्व्हर आहेच. मुलीच्या आजोबांची साताऱ्यास सराफी पेढी होती. रोकड आणि जोखीम घेऊन जावे-यावे लागे, म्हणून त्यांनी परवाना काढून कानपूरच्या सरकारी कारखान्याचे पॉइंट थ्री टू बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले होते. आजोबा श्रावणात वारले. "तेव्हा," पत्रात विचारले होते, "पहिले रिव्हॉल्व्हर म्हणून मुलीने हेच वापरावे, की नवे घ्यावे? घरात दोन तट पडले आहेत. आपण याल काय?"

मी गेलो. मी स्वतः बरीच वर्षे एका रायफल क्लबाचा सभासद आहे, आणि अशा घरी बंदुकीपेक्षा माणसेच आधी तपासावी लागतात हे मला ठाऊक आहे. मुलीची आई चहा देताना एवढेच म्हणाली, "नाना, ती वस्तू घरात असताना मला झोप लागत नाही. धाकटा नऊ वर्षांचा आहे." मुलगी म्हणाली, "आई उगाच घाबरते, नानाकाका. आजोबांचं रिव्हॉल्व्हर इतकी वर्षं कपाटातच होतं ना?" आणि आजी काहीच न बोलता कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचून बसल्या होत्या. त्या किल्ल्या कोणाला द्यावयाच्या नाहीत, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होते.

मी वडिलांना पहिला प्रश्न विचारला तो बोअरचा नव्हे, नळीचा नव्हे. विचारले, "परवाना कोणाच्या नावावर आहे?"

"आबांच्याच."

"म्हणजे श्रावणापासून हे शस्त्र बिनपरवाना घरात आहे."

वाचकहो, ही गोष्ट आधी नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांत ती ठाऊक नसते. शस्त्राचा परवाना घराण्याला मिळत नाही, माणसाला मिळतो, आणि माणसाबरोबर संपतो. भांडीकुंडी, घड्याळ, अंगठी जशी वारसाकडे येते तसे रिव्हॉल्व्हर येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. जमा केले म्हणजे गमावले असे नव्हे. वारसाला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो, किंवा जो कायद्याने ते बाळगू शकतो अशाला विकता येते. पण आधी जमा, मग विचार. मी त्या कपाटाला हात लावला नाही, कोणाला लावूही दिला नाही. वडिलांना सांगितले, "उद्या सकाळी ठाण्याला फोन करा, परवान्याचे पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन जा, ते सांगतील त्याप्रमाणे जमा करा आणि पावती आणा."

आजींनी विचारले, "म्हणजे ह्यांची वस्तू चौकीत जाऊन पडायची?"

त्यावर मला उत्तर सुचले नाही. मी परवान्याचे पुस्तक मागितले आणि मुलीला समोर बसविले.

रिव्हॉल्व्हर म्हणजे काय, तर एक फिरती चक्री. चक्रीत बहुधा सहा घरे, प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे गेला की चक्री एक घर पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीसमोर येते. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या किंवा पुढच्या खोक्यात एकावर एक बसतात. रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण असा, की चक्री उघडली की सहाही घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. शस्त्र रिकामे आहे की भरलेले, यात शंका उरत नाही. म्हणून नवख्याला ते सोपे वाटते. नेमबाजीच्या इतिहासातही त्याचा मान आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा बॉस्टनचे जॉन आणि समनर पेन हे दोघे सख्खे भाऊ अमेरिकन रिव्हॉल्व्हरे घेऊन गेले आणि लष्करी पिस्तुलाच्या सामन्यात पहिला-दुसरा क्रमांक घरी घेऊन आले.

आता आजोबांच्या रिव्हॉल्व्हरकडे वळू. गंमत अशी, की त्याचे काडतूस पॉइंट थ्री टू स्मिथ अँड वेसन लाँग या जातीचे आहे, आणि हीच जात जगभरचे सेंटर फायर पिस्तुलाचे नेमबाज आवडीने वापरतात. त्यांची गोळी पुढून चपटी असते. ती कागदाला फाडत नाही, तर कचेरीतल्या छिद्रयंत्रासारखे गोल भोक पाडते, म्हणजे गुण मोजताना वाद नको. मुलीने हे कुठेतरी वाचले होते. ती म्हणाली, "मग झालंच की! काडतूस तेच, तर रिव्हॉल्व्हरही चालेल."

मी म्हटले, "बाळ, विठ्ठलाच्या देवळातला मृदंग आणि लग्नातला ढोल, दोघांनाही कातडेच असते."

फरक नळीत आहे. पेढीच्या मालकाला दोन हातांवरच्या माणसाला धाक दाखवायचा असतो. म्हणून नळी आखूड, खिशात मावणारी. नेमबाजाला पंचवीस मीटरवरचा कागद गाठायचा असतो. नळीच्या टोकाशी पुढची साइट असते, तिला जुने शिकारी माशी म्हणत. मागे खाच असते. या दोहोंत जितके अंतर जास्त, तितकी चूक कमी. हिशेब अगदी शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. दोहोंतले अंतर १०० मिलिमीटर असेल आणि माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर पंचवीस मीटरवर गोळी २५० मिलिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर थोडी, बाजूला जाते. तेच अंतर २०० मिलिमीटर असेल तर १२५. आंतरराष्ट्रीय नियमांत पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी या अंतराची कमाल मर्यादा २२० मिलिमीटर आणि नळीची १५३ मिलिमीटर आहे, आणि सामन्याची शस्त्रे बहुधा त्या मर्यादेच्या जवळपास बनविलेली असतात. ती उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट खाच. बचावाच्या रिव्हॉल्व्हरची साइट पक्की ठोकलेली असते. गोळी डावीकडे जात असेल तर जन्मभर डावीकडे जाणार. नेमबाजाच्या शस्त्राला बारीक स्क्रू असतात. एक-एक खट् फिरवून साइट सरकवता येते. ज्याची साइट हलत नाही ते लक्ष्यासाठी घेऊ नये, हा नियम मी नवख्याला डोळे मिटून सांगतो.

तिसरी गोष्ट चाप. रिव्हॉल्व्हर दोन प्रकारे चालते. नुसता चाप ओढला तर तोच घोडा उचलतो, चक्री फिरवतो आणि घोडा सोडतो. एवढे काम एका बोटाने करायचे म्हणजे ओढ जड आणि लांब. अंगठ्याने घोडा आधी चढवला तर ओढ हलकी आणि आखूड होते. लक्ष्यासाठी दुसरीच रीत बरी. सामन्याच्या नियमात पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा चाप निदान १००० ग्रॅम वजन उचलेल इतका असला पाहिजे. चांगली शस्त्रे त्या रेषेच्या किंचित वर आणून ठेवलेली असतात. नेम चुकतो तो बहुतेक वेळा डोळ्याने नव्हे, चाप ओढताना हललेल्या मनगटाने.

चौथी गोष्ट मूठ, आणि पाचवी धक्का. मूठ हातात अशी बसावी, की डोळे मिटून हात उचलला आणि उघडले तर माशी खाचेतच दिसावी. दिसत नसेल तर मूठ तुमची नव्हे, मग शस्त्र कितीही नामांकित असो. धक्का आणि आवाज यांना नवखा माणूस नकळत घाबरतो. गोळी सुटण्याच्या आधीच मनगट आवळतो. म्हणून परदेशात पहिले रिव्हॉल्व्हर म्हणून शहाणे लोक पॉइंट टू टू बोअरचेच घेतात. स्मिथ अँड वेसनचे के-ट्वेंटीटू त्यासाठी नावाजले गेले. १९५७ पासून त्याला मॉडेल सतरा म्हणू लागले. धक्का नाममात्र, काडतूस स्वस्त. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते : या बोअरची काडतुसे कडेला ठोकली जातात, म्हणून अशा शस्त्राचा रिकामा घोडा उगाच आपटू नये, सुई चक्रीच्या काठावर बसून खराब होते.

जुने रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी, त्याही विक्रेत्यासमोर, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून पाहाव्या : घोडा चढवल्यावर चक्री डुगडुगते काय, नळीतले पीळ स्वच्छ दिसतात काय, आणि नळीच्या तोंडाची कड कुठे टवकली आहे काय. पैकी एकही बरोबर नसेल तर ते शस्त्र फोटोच्या चौकटीसाठी ठीक.

हे सगळे ऐकून मुलगी थोडी हिरमुसली. म्हणाली, "मग बाबांनी नवं घ्यायचं? ते प्रबल नावाचं आलंय ते?" कानपूरच्या सरकारी कंपनीने २०२३ साली त्या नावाचे रिव्हॉल्व्हर काढले आहे, त्याची चक्री बाजूला उघडते, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.

इथे मला तिला नाही म्हणावे लागले. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज परवाना मिळत नाही. त्याहून लहान मुलांना नेमबाजीच्या सरावासाठी देखरेखीखाली शस्त्र वापरण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती क्लबात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. घरच्या कपाटातून काढून नव्हे. वडिलांना परवाना मिळाला तरी तो वडिलांचा. त्यासाठीही २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला दोनांहून अधिक शस्त्रे बाळगता येत नाहीत. शिवाय बचावासाठी मागितलेला परवाना आणि खेळासाठी मागितलेला परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच्या आडून दुसरे साधू पाहणाऱ्याचा अर्ज लटकतो.

"मग मी करू काय?" तिने विचारले. हा तिचा दिवसातला पहिला बरोबर प्रश्न होता.

उत्तर असे, की आपल्या देशात पिस्तुलाकडे जाणारी वाट हवेच्या पिस्तुलातून जाते. ४.५ मिलिमीटर बोअरचे, २० ज्यूलच्या आतल्या शक्तीचे एअर पिस्तूल परवान्याच्या अटीतून मोकळे आहे. विक्रेता ओळखीचा पुरावा मागतो तेवढाच. (नियम बदलत असतात, तेव्हा खरेदीच्या दिवशी विचारून घ्यावे.) दहा मीटरवर कागद, त्यातला दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. सामन्यात साठ छर्रे, वेळ सव्वा तास. धक्का नाही, आवाज टाळीएवढा. इथे नेम चुकला तर दोष देण्याला दारू नाही आणि धक्काही नाही. दोष आपल्याच हातात सापडतो. म्हणून ही शाळा कठीण आहे आणि म्हणूनच चांगली आहे. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवली ती याच शस्त्रावर. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतले. तो सामना पॉइंट टू टू बोअरचा. म्हणजे आजोबांच्या बोअरकडे जाण्याची गरजच पडत नाही.

एअर पिस्तूल घेण्याचीही घाई नको. पहिले सहा महिने क्लबाचे वापरावे. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे, आणि आता बऱ्याच शहरांत लहानमोठ्या रेंजवर शिकण्याची सोय आहे. या काळात तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. पहिला : आपला कोणता डोळा जोरकस आहे? दोन्ही हातांच्या तळव्यांमध्ये लहानशी फट करून लांबचा दिवा पाहावा, मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला दिवा दिसतच राहतो तो जोरकस. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर शिकवणाऱ्याला आधी सांगावे. दुसरा : हात किती वजन पेलतो? नियमात दीड किलोपर्यंत मुभा आहे म्हणून सतरा वर्षांच्या मनगटाने तेवढे उचललेच पाहिजे असे नाही. तिसरा, आणि खरा : सहा महिन्यांनंतरही पोर पहाटे उठून जाते काय?

जाते असे दिसले, की मग घ्यावे. एका तरफेने दर वेळी हवा भरायची पिस्तुले साधी, टिकाऊ आणि तुलनेने स्वस्त. पण साठ वेळा तरफ ओढताना हात दमतो. हवेच्या नळकांड्याची पिस्तुले सोपी, पण महाग. तशी वापरलेली घेत असाल तर नळकांड्यावरची तारीख आधी वाचा. दहा वर्षांची मुदत संपलेले नळकांडे सामन्यात चालत नाही, आणि नवे घेताना स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाची स्वस्ताई निघून जाते. मूठ लहान-मोठी मिळते, डाव्या-उजव्या हाताची वेगळी मिळते. शस्त्राच्या नावापेक्षा मुठीवर जास्त वेळ घालवा. आणि छर्रे, क्लबाची वर्गणी, येण्याजाण्याचे भाडे असा महिन्याचा खर्च कागदावर मांडल्याखेरीज शस्त्राची किंमत विचारूच नका. शस्त्र एकदाच घ्यावे लागते, छर्रे दर महिन्याला.

शस्त्रावर सगळे ठेवू नये, यासाठी मुलीला दोन गोष्टी सांगितल्या. २०२१ साली टोकियोला त्याच मनू भाकरचे पिस्तूल ऐन सामन्यात बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी तीच मुलगी पदके घेऊन आली. आणि हंगेरीचा कारोली ताकाच, सैन्यातला नेमबाज : १९३८ साली हातबॉम्ब हातातच फुटला आणि उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ ला लंडनला, १९५२ ला हेलसिंकीला जलद पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले.

मी निघालो तेव्हा आजी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्या वस्तूचं काय करावं म्हणता?"

मी म्हटले, "आजी, ते मी सांगू नये. आबांनी ती कशासाठी घेतली होती, ते तुम्हांलाच ठाऊक."

पुढचे पत्र आठ दिवसांनी आले. दुसऱ्याच सकाळी आजींनी स्वतः किल्ली काढून दिली. ठाण्यातून सांगितल्याप्रमाणे रिव्हॉल्व्हर जमा झाले, पावती आली. वडिलांच्या मनातून परवान्यासाठी अर्ज करावयाचा होता. आजी म्हणाल्या, "पेढी उठली, जोखीम उठली, जोखीम सांभाळणारे गेले. आता ती वस्तू घरात कोणाला राखणार?" रीतसर परवानगी घेऊन ते विकावे, आणि जे येईल ते नातीच्या नावाने बँकेत ठेवावे, सहा महिन्यांनी पोर पहाटे उठतच असली तर त्यात भर घालून तिला तिचे पिस्तूल घ्यावे, असे ठरले. परवान्याचे रद्द झालेले पुस्तक परत मिळाले तर आजी ते आपल्या पेटीत ठेवणार आहेत. त्यांना आठवणीसाठी आबांची सही पुरते. मुलीच्या आईने तळटीप लिहिली आहे : "आता झोप लागते. पण पहाटे साडेचारचा गजर मलाच लावावा लागतो."

आपल्या देशात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. नवख्या नेमबाजांना राष्ट्रीय सामन्यापर्यंत नेणारी स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. सभागृहात शांतता राखण्याचे ज्यांचे काम, त्यांनी हा खेळ वाढवला यात मला विसंगती दिसत नाही. रेंजवर उभे राहून पाहा. इतकी शांतता देवळातही नसते.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा हा प्रश्न निघेल त्यांनी क्रम असा ठेवावा : आधी कागद, मग शिक्षक, मग हात, आणि शस्त्र सर्वांत शेवटी. जुने शस्त्र कपाटात पडून असेल तर फराळाला बसण्याआधी त्याचा परवाना काढून मुदत वाचावी. मुदत संपलेली असेल, किंवा ज्याच्या नावाचा परवाना तो माणूस आता नसेल, तर भाऊबीजेची वाट पाहू नये. आपणां सर्वांस ही दिवाळी सुखाची जावो.